लेकीच्या झेरॉक्सला चोरी म्हणायचं का?

दूध घालून झालं असेल, चूल विझवली असेल, तर जरा रेडिओजवळ टेका. काम हातात असेल तर ते करत करत ऐका. आम्हीही तसंच ऐकतो.

आज झेरॉक्सबद्दल बोलायचं आहे. आपल्याला झेरॉक्स म्हटलं की आधार कार्ड, पासबुक, सातबारा एवढंच आठवतं. बँकेच्या खिडकीतून आवाज येतो, "दोन झेरॉक्स आणा", की आपण निघालो स्टँडजवळच्या दुकानात. गटाच्या कर्जप्रकरणाला किती झेरॉक्स लागल्या ते आम्ही एकदा मोजायला बसलो आणि मोजणं मध्येच सोडून दिलं. पण शहरात शिकणाऱ्या पोरांसाठी झेरॉक्स म्हणजे वही-पेनाइतकीच गरजेची वस्तू आहे, हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं.

झालं असं, की बैठकीत आमच्यातल्या एक ताई कर्ज मागायला उठल्या. त्यांची लेक पुण्यात एम.ए. करते. पुस्तकांसाठी तीन हजार हवे होते. आम्ही म्हटलं, "अहो, ती तर झेरॉक्सवर अभ्यास करते ना?" ताईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "आता नाही काढणार ती झेरॉक्स." कॉलेजच्या ग्रंथालयात तिला कुणीतरी चारचौघांत सुनावलं होतं, की पुस्तकातली पानं झेरॉक्स करणं म्हणजे चोरी, कायद्यानं गुन्हा आहे, मनात आणलं तर पोलिसात देऊ. पोरगी आठवडाभर ग्रंथालयाची पायरी चढली नाही. "आमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही," ताई म्हणाल्या, "आणि माझी लेक चोर?"

पैसे आम्ही त्याच बैठकीत दिले. पण चोरी की नाही, याचं उत्तर आमच्यातल्या एकीकडेही नव्हतं. मग तालुक्याच्या एका वकीलबाईंना गाठलं, त्यांच्याकडून दोन दुपारी समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

जशी जमीन ही मालमत्ता, तशी माणसाच्या डोक्यातून उतरलेली गोष्टसुद्धा मालमत्ता, असं कायदा मानतो. लिहिलेलं पुस्तक, रचलेलं गाणं, काढलेलं चित्र. तिला बौद्धिक संपदा म्हणतात, आणि पुस्तकावरच्या हक्काला कॉपीराईट. आपल्याकडे त्याचा कायदा 1957 सालचा आहे. लेखक असेपर्यंत हक्क त्याचा, आणि तो गेल्यावर पुढे 60 वर्षं वारसांचा, किंवा त्यानं ज्याला लिहून दिला असेल त्या प्रकाशकाचा. हे आम्हाला पटतं. आपल्या या रेडिओवरसुद्धा सिनेमाचं गाणं लावायचं तर परवाना घ्यावा लागतो, पैसे भरावे लागतात. ज्यानं गाणं रचलं त्याच्या घरी चार पैसे जायलाच हवेत. मग पोरीचं काय चुकलं नाही? तिनं तर न विचारताच पानं काढली.

इथे वकीलबाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार आवडली. झेरॉक्सचं यंत्र काढलं ते अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं. फिरत्या न्हाव्याचा मुलगा, लहानपण सगळं हलाखीत गेलेलं. न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात तो नोकरी करायचा. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा मालकी हक्क. त्याच्या कागदांच्या नकला पुन्हा पुन्हा कराव्या लागायच्या आणि त्याला त्याचा वैताग यायचा. रात्री तो कायद्याच्या कॉलेजात जायचा. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून सार्वजनिक वाचनालयात बसून पानंच्या पानं हातानं उतरवायचा. हात दुखायचे, त्यात संधिवात. त्यातून त्यानं ठरवलं की नक्कल करणारं यंत्र काढायचं. सुरुवातीचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात, गंधक वितळवून! बायकोची काय गत झाली असेल ते तुम्हीच ओळखा. 22 ऑक्टोबर 1938 रोजी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्यानं रुमालानं घासला, त्यावर भुकटी टाकली आणि कागदावर पहिली नक्कल उमटली. पुढे वीसेक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. बाजारात नीट चालणारं यंत्र आलं ते 1959 साली. त्या कंपनीचं नाव झेरॉक्स. आपण जे रोज म्हणतो ते एका कंपनीचं नाव आहे. असं सरसकट वापरलेलं त्या कंपनीला आवडत नाही, कारण नाव हीसुद्धा तिची मालमत्ता!

म्हणजे पाहा, पुस्तक परवडत नाही म्हणून हातानं उतरवणाऱ्या माणसानं हे यंत्र काढलं. आणि त्यावर स्वतः पेटंटही घेतलं, पैसाही मिळवला. हक्क आणि नक्कल दोन्ही एकाच माणसाच्या घरात नांदल्या.

आता दिल्लीला येऊ, कारण पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं छोटं दुकान. जागा विद्यापीठानंच दिलेली. प्राध्यापक अभ्यासक्रमाची यादी द्यायचे, या पुस्तकातलं हे प्रकरण, त्या पुस्तकातलं ते. दुकानदार ती प्रकरणं ग्रंथालयातल्या पुस्तकांवरून काढून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांना द्यायचा. पानामागे रुपयाच्याही आत. परदेशी पुस्तकं एकेक हजारांच्या घरात, आणि प्रत्येकातलं एखादंच प्रकरण अभ्यासाला. गरिबाच्या पोरानं दहा पुस्तकं घ्यायची कशी?

ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन मोठ्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचं म्हणणं, ही पानं म्हणजे आमची मालमत्ता, दुकानदार त्यावर धंदा करतो, विद्यापीठानं आमच्याकडून परवाना घ्यावा, पैसे भरावेत. त्यांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही, हेही सांगतो. पुस्तक काढायला खर्च येतोच. पण ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं तूर्त मनाई दिली आणि बांधीव संच मिळणं बंद झालं, तेव्हा हाल झाले ते विद्यार्थ्यांचे. ती पोरं गप्प बसली नाहीत. संघटना करून त्याच दाव्यात उभी राहिली, प्राध्यापकही आले. 300 हून अधिक लेखक-प्राध्यापकांनी प्रकाशकांना पत्र लिहिलं की दावा मागे घ्या. त्यात ज्यांच्या पुस्तकांचं नाव दाव्यात होतं असे लेखकही होते. ज्याच्या नावानं भांडण, तोच म्हणतो भांडू नका!

चार वर्षांनी, 16 सप्टेंबर 2016 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कायद्याच्या कलम 52 मध्ये लिहिलंय की शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल हा भंग नाही. शिकवणं म्हणजे वर्गातले पाऊणएक तास नव्हेत, यादी देण्यापासून परीक्षेपर्यंत सगळं त्यात आलं, असं त्यांनी धरलं. निकालपत्रात त्यांनी स्वतःचे दिवसही सांगितले. ते कायदा शिकत होते तेव्हा झेरॉक्स महाग पडायची, म्हणून विद्यार्थी पाळीपाळीनं ग्रंथालयात बसून पानं हातानं उतरवायचे. जे हातानं चालत होतं, ते यंत्रानं केलं म्हणून गुन्हा कसा होईल? हे ऐकलं आणि आम्हाला तो न्हाव्याचा पोरगाच आठवला.

प्रकाशक वरच्या पीठाकडे गेले. डिसेंबर 2016 मध्ये त्या पीठानं दावा थोड्या मुद्द्यांपुरता पुन्हा उघडला. जेवढी पानं काढली तेवढी शिकवण्याला खरंच लागत होती का, हे तपासा म्हणाले. पण मूळ गोष्ट त्यांनीही मान्य केली, की किती पानं यापेक्षा कशासाठी हे महत्त्वाचं, आणि नक्कल विद्यार्थ्यानं स्वतः केली की दुकानदाराकडून करून घेतली यानं फरक पडत नाही. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

पुण्यात गेलात तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारा. पुस्तकांची दुकानं, जुनी पुस्तकं, झेरॉक्स, बायंडिंग. पेठांमधून अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटेपासून बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात स्पायरल लावलेले गठ्ठे. ही बहुतेक आपल्याच गावांतून गेलेली. एका पोराच्या नोट्स पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या. आता गठ्ठ्याच्या जागी मोबाईलमधली पीडीएफ आलीय, पण रीत तीच. हे सगळं कायद्यानं उद्या बंद पाडलं, तर शहराचं फार बिघडणार नाही, ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो शिकेलच. बिघडेल ते आपलं.

पण मैत्रिणींनो, यातून कुणी भलता अर्थ काढू नये. मुंबईत फुटपाथवर गाजलेली पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, पानं फिकट, शाई पसरलेली. ती चोरून छापलेली असतात. मराठी कादंबरीची अख्खी पीडीएफ हजार जणांच्या ग्रुपवर टाकणं, तेही तसंच. त्यात शिकवणं नाही की शिकणं नाही, आणि मराठी लेखकाला आधीच मिळतं ते किती! अशा भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी काही पानं काढणं वेगळं, पुस्तक छापून विकणं वेगळं. आणखी एक, 2012 च्या दुरुस्तीनं असंही झालंय की अंध किंवा अपंग माणसाला वाचता यावं म्हणून पुस्तक ब्रेलमध्ये किंवा आवाजात करून देता येतं, नफा मात्र घ्यायचा नाही. तुमच्या गावात अशी लेक असेल तर तिच्या शाळेत हे जरूर सांगा.

वकीलबाईंनी कलम 52 चा मराठीतला सारांश एका कागदावर लिहून दिला. तो ताईंनी लेकीला पाठवला. तिनं तो ग्रंथपालांना दाखवला. वरिष्ठ ग्रंथपाल भले निघाले. म्हणाले, "अख्खं पुस्तक नको, अभ्यासाचं प्रकरण घेऊन जा, रजिस्टरला नोंद कर." आता ती दर शनिवारी जाते. तीन हजारांतून दोन पुस्तकं विकत घेतली, कारण ती वर्षभर लागणार होती. उरलेल्या पैशांतून झेरॉक्स चालू आहे. पहिला हप्ता ताईंनी परवाच भरला, आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवली.