जायरोविना वळण



१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. एअर इंडियानेही वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बेलोराच निवडलं. तेव्हा या शिक्षणातला एक जुना, पण मोलाचा धडा आज ऐकू या.

बेलोऱ्याहून अकोल्याची शिवणी धावपट्टी सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर. दिशा २६० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पश्चिम. समजा, पावसाळी ढगांत मूर्तिजापूरही दिसेना, रेल्वेचे रूळही दिसेनात, आणि दिशा दाखवणारा जायरो बंद पडला. आता माघारी फिरायचं. इथे दिशा दहा अंशांनी चुकली, तर ७० किलोमीटरनंतर विमान १२ किलोमीटर बाजूला गेलेलं असतं.

समोर चुंबकीय होकायंत्र असतं, पण वळताना त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय बल उत्तरेला खाली झुकलेलं आहे. विमान कललं की तबकडीही कलते आणि ते बल तिला फिरवतं. तोंड उत्तरेला असताना वळायला लागलं, की होकायंत्र आधी उलटंच वळण दाखवतं. दक्षिणेला असताना ते विमानाच्या पुढे धावतं. पूर्व-पश्चिमेला हा दोष नगण्य, मात्र तिथे वेगाचा दोष असतो. वेग वाढला की होकायंत्र उत्तरेकडे झुकतं, कमी झाला की दक्षिणेकडे. बेलोरा-शिवणी मार्गावर नेमकं हेच सांभाळायचं.

उपाय आहे घड्याळ. वळणाची गती दाखवणारं टर्न कोऑर्डिनेटर बहुधा विजेवर चालतं, त्यामुळे हवेच्या पंपावरचा जायरो गेला तरी ते शाबूत राहतं. त्यावरच्या खुणेला धरून वळलं की सेकंदाला ३ अंश वळण होतं. ९० अंशांना ३० सेकंद, १८० अंशांना एक मिनिट. ९० नॉट वेगाला त्यासाठी सुमारे १४ अंशांचा कल पुरतो.

आधी विमान समतल ठेवा, वेग स्थिर करा, होकायंत्र शांत झालं की वाचा. जितके अंश वळायचं, त्यांना तीनने भागा. कल द्यायला लागताच घड्याळ सुरू करा, वेळ संपताच कल काढायला घ्या. पुन्हा समतल होऊन होकायंत्र पडताळा. पाच-सहा अंशांचा फरक राहिला, तर दोन सेकंदांचं छोटं वळण पुरतं.

प्रशिक्षणार्थी मित्रांनो, हा सराव स्वच्छ आभाळात, शिक्षक शेजारी असतानाच पक्का करा. ढगात शिरल्यावर शिकण्याची ही गोष्ट नाही.