थकवा मोजायचा कसा?



धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो थकलेला, उपाशीपोटी तथागतांकडे आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, मग धम्म सांगितला. माणसाचा थकवा खरा मानावा, हा त्यातला बोध आम्ही घेतो. आपल्या घरात मात्र आई दमली तर "नेहमीचंच आहे" आणि मुलगी दमली तर "आळशी आहे" असे म्हणून आपण मोकळे होतो.

शरीरात लोह कमी पडले की हिमोग्लोबिन घटते, अवयवांना प्राणवायू कमी मिळतो आणि माणूस लवकर दमतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या सगळ्या काय आळशी आहेत?

श्रीलंकेतील चहामळ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांवरचा एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खुडलेली पाने तोलली गेली. लोह देऊन ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले, त्यांची खुडणीही वाढली. बाई तीच, मळा तोच. कमी होते ते लोह.

पण धुणीभांडी आणि अभ्यास तराजूत घालता येत नाहीत. म्हणून डॉक्टर प्रश्नावली वापरतात. 'फॅसिट' नावाच्या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दल १३ प्रश्न असतात: अंगात शक्ती वाटते का, काम सुरू करणे जड जाते का, दिवसा झोपावे लागते का, असे. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितका थकवा जास्त.

रक्त तपासले की पुरे, मग हे कशाला? कारण दोन्ही आकडे नेहमी जुळत नाहीत. हिमोग्लोबिन हळूहळू उतरले तर शरीराला सवय होते आणि बाई "मला काही होत नाही" म्हणते. उलट २०१२ साली फ्रान्समधील १९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना रक्तक्षय नव्हता, पण लोहाचा साठा कमी होता आणि थकवा होता. बारा आठवड्यांत लोह घेणाऱ्यांचा थकवा ४८ टक्क्यांनी उतरला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला. मोजले नसते तर गोळीचा गुण किती आणि मनाचा किती, हे कळले नसते.

थायरॉईड, मधुमेह, अपुरी झोप, मनाचा ताण यांनीही थकवा येतो. म्हणून प्रश्न विचारून थांबू नये. रक्त तपासावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळ्या घ्याव्यात. जेवणाबरोबर चहा टाळावा, लिंबू घ्यावे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या शरीरावरचा भार हा तिचा खासगी प्रश्न नाही, हे त्यांनी ओळखले होते. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आईला एवढेच विचारा: "या आठवड्यात किती दिवस दमल्यासारखं वाटलं?" तिचे उत्तर वहीत तारखेसह लिहा आणि ती वही घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

जयभीम! नमो बुद्धाय!