रावतभाट्याच्या ३०६ नळ्या

अणुशक्तीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा आरंभीचा प्रसंग उभा राहतो. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ प्रथम जागी झाली तो दिवस, किंवा १९६९ साली तारापूरची वीज तारांतून वाहू लागली तो काळ. आरंभाचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. परंतु या क्षेत्रात उमेदीची वर्षे खर्ची घातलेल्या माणसाने जन्मभर जपून ठेवावे असे काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी वेगळेच नाव घेईन. त्या कामाला कोनशिला नव्हती, आणि ते पुरे झाल्यावर बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलले आहे असे वाटलेही नसते. मी बोलतो आहे ते राजस्थानातील रावतभाटा येथील दुसऱ्या अणुभट्टीविषयी.

इंदूरकर श्रोत्यांना चंबळ नदी परकी नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात तिचा उगम आहे. तीच पुढे राजस्थानात राणा प्रताप सागर या धरणाने अडविली गेली, आणि त्या जलाशयाच्या काठी कॅनडाच्या सहकार्याने दोन अणुभट्ट्या उभारण्याचे ठरले. पहिली १९७३ साली वीज देऊ लागली. दुसरीचे काम चालू असतानाच १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडाने हात आखडता घेतला. उरलेले काम आपल्या अभियंत्यांनी पुरे केले. १९८१ पासून ही दुसरी भट्टी रीतसर वीज पुरवू लागली.

आता या भट्टीची रचना थोडक्यात समजावून घेऊ. जड पाण्याने भरलेली एक प्रचंड आडवी टाकी कल्पावी. तिच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ३०६ नळ्या आरपार गेलेल्या आहेत. प्रत्येक नळी दुहेरी आहे. आतली सुमारे सव्वातीन इंच व्यासाची असून तिच्यात युरेनियमच्या जुड्या एकापुढे एक ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून मोठ्या दाबाखालील तप्त जड पाणी वाहते. बाहेरची नळी टाकीतल्या थंड जड पाण्यात असते. दोहोंच्या मधल्या पोकळीत वायू भरलेला असतो, आणि त्यांनी एकमेकींना स्पर्श करू नये म्हणून मध्ये स्प्रिंगची कडी बसविलेली असतात. एवढीशी ती कडी. पण सगळी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील पिकरिंग येथे अशीच एक आतली नळी चालू भट्टीत फाटली. भेग सुमारे दोन मीटर लांबीची होती. शोध घेता असे दिसले की, कडी आपल्या जागेवरून सरकली होती. उष्णता, दाब आणि किरणांचा मारा यांनी नळी मध्यावर खाली झुकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून धातूत मुरलेला जड हायड्रोजन त्या थंड ठिकाणी गोळा झाला, धातूला फोड आले आणि तो ठिसूळ बनला. धातू होता झिर्कॅलॉय-२. रावतभाट्याच्या नळ्याही त्याच धातूच्या होत्या, आणि त्यांतली कडीही तशीच सैल होती!

कॅनडाने आपल्या भट्ट्यांच्या नळ्या बदलण्यास घेतल्या. आपल्याला विचारायला कोणी नव्हते. तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राने नळीच्या आत शिरून तपासणी करणारी यंत्रे तयार केली. सरकलेली कडी पुन्हा जागेवर आणण्याचीही युक्ती काढली. यामुळे वेळ मिळाला, पण रोग बरा झाला नाही. अखेर १९९४ मध्ये दुसरी भट्टी बंद करण्यात आली आणि ३०६ च्या ३०६ नळ्या काढून नव्या घालण्याचा निर्णय झाला.

हे काम नळ बदलण्यासारखे नव्हे. इंधन काढून घेतले तरी वर्षानुवर्षे किरणांत न्हालेला तो धातू स्वतःच किरणोत्सर्गी झालेला असतो. भट्टीच्या तोंडाशी किती वेळ उभे राहावे हे कौशल्यावर नव्हे, तर छातीवर लावलेल्या मापकावर ठरते. माणूस कितीही निष्णात असो, त्याचा वाटा संपला की त्याने बाजूला व्हावयाचे आणि दुसऱ्याने पुढे यावयाचे. म्हणून दुरून चालणारी हत्यारे बनवावी लागली, आणि नाटकाची तालीम करावी तशी प्रत्येक क्रियेची तालीम आधी नमुन्यावर करावी लागली. मला स्वतःला या तालमीचेच अधिक कौतुक वाटते. एकट्याच्या कर्तबगारीला इथे वाव नाही. आपल्या हातून अर्धवट राहिलेला बोल्ट दुसरा पुरा करणार आहे हे मनाशी स्वीकारूनच आत जायचे असते.

नव्या नळ्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात घडल्या. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतून झिर्कॉन मिळते. त्यातून हॅफ्नियम वेगळे काढून शुद्ध झिर्कोनियम करायचे, त्यात अडीच टक्के निओबियम मिसळायचे, आणि त्याची निर्दोष नळी ओढायची. हा मिश्रधातू हायड्रोजन फार कमी शोषतो. दोन सैल कड्यांच्या जागी या वेळी चार घट्ट कडी आली. १९९८ मध्ये भट्टी पुन्हा चालू झाली. पुढे मद्रासच्या दुसऱ्या भट्टीचे असेच काम २००२ साली हाती घेतले गेले, आणि २००३ मध्ये ती वीज देऊ लागलीसुद्धा. रावतभाट्याला लागलेला काळ आणि हा काळ यांतला फरक म्हणजे त्या पहिल्या मंडळींची कमाई होय.

पण कथा इथे सोडली तर ती अर्धी राहील, आणि बडोद्याच्या श्रोत्यांना तर ते पटणारच नाही. गुजरातेतील काक्रापारच्या पहिल्या भट्टीतही हे नूतनीकरण झाले होते. तरीसुद्धा ११ मार्च २०१६ रोजी तिची एक नळी गळू लागली. भट्टी आपोआप बंद पडली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याआधी २०१५ च्या जुलैत तिथल्या दुसऱ्या भट्टीतही गळती झालेली होती. नळी तर नव्या धातूची होती! या खेपेला दोष निघाला तो बाहेरच्या अंगाला, दोन नळ्यांमधल्या त्या वायूच्या बाजूला. वायूतील अशुद्धीमुळे तिथे जागोजागी गंज चढला होता. ज्या पोकळीत नळ्या एकमेकींना टेकू नयेत एवढीच काळजी आजवर वाहिली, त्या पोकळीतील वायूही तितक्याच बारकाईने तपासावा लागतो हे तेव्हा ध्यानी आले.

दोन्ही भट्ट्यांतील नळ्या काढण्यात आल्या. पुन्हा तीच तालीम, तेच मापक, तीच पाळीपाळीने पुढे येणारी माणसे. दुसरी भट्टी २०१८ मध्ये चालू झाली आणि पहिली २०१९ च्या मे महिन्यात.