सर्वांनीच कॉलेजात जावे काय?



सर्वांनीच कॉलेजात जावे काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बारामतीस १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले, हे उत्तमच झाले. परंतु इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडले, ते इंजिनियरच्या आराखड्याइतकेच वेल्डर-टर्नरच्या हातांमुळे.

मात्र ‘कॉलेज कशाला, कसब शीक’ हा उपदेश गरिबाच्याच पोराला का? कारखान्यात कसब शिकणारा उमेदवार १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कामगार ठरत नाही, विद्यावेतनावर राबतो.

कसबाला पदवीइतका दाम व मान मिळेल, फीपायी कोणाचे दार बंद होणार नाही, तेव्हाच कॉलेज की कारखाना ही मुलाची स्वतःची निवड ठरेल. तोवर निवड करतो तो बापाचा रिकामा खिसा!