टाकीत उगवलेला अनोळखी

पेण-रोह्याकडे कुणी हौसेने खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी मांडली, की कधीतरी दगडाच्या सांदीत एक तपकिरी, झिरझिरीत झुबका दिसतो. आपण तो आणलेला नसतो. घरातला एक म्हणतो शेवाळ, दुसरा म्हणतो नवं प्रवाळ.

नाव ठरवायची घाई नको. आधी काडीने हलकेच स्पर्श करा. झुबका पंख्यासारखा मिटून झटकन नळीत शिरला, तर तो नळीत राहणारा कृमी. पाण्यातले कण गाळून खातो, बिचारा निरुपद्रवी. सगळं अंगच आकसून सांदीत गेलं, तर बहुधा ऐप्टेशिया, म्हणजे उपद्रवी समुद्रफूल. ते ब्लेडने खरवडू नका. मागे राहिलेल्या तुकड्यातून नवा प्राणी वाढतो. पेपरमिंट जातीची कोळंबी ते खाते, तिच्यावर सोपवा.

नुसत्या रूपावर भल्याभल्यांची फसगत झाली आहे. धरमतरच्या खाडीत होडीच्या बुडाला चिकटणारी, पाय कापणारी पांढरी बार्नॅकल्स आपल्या माहितीची. कुव्हिएसारख्या थोर प्राणिशास्त्रज्ञाने कवच पाहून त्यांना शिंपल्यांच्या गोतात बसवलं होतं. आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने समुद्रातली बारीक पिल्लं भांड्यात ठेवली आणि पाहत राहिला. पिल्लं पोहायची थांबली, भांड्याला चिकटली, त्यांची बार्नॅकल्स झाली. 1830 मध्ये त्याने हे छापलं. गोत निघालं कोळंबी-खेकड्यांचं! पुढे डार्विनने याच प्राण्यांपायी आठ वर्षं घालवली.

तेव्हा रोज एकाच जागेवरून फोटो काढा, रात्री लाल उजेडात पाहा. आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

नको असलेला जीव किंवा टाकीचं पाणी अंबा, कुंडलिका या नद्यांत ओतू नका. परका जीव एकदा शिरला की सहज निघत नाही. अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस हा छोटा शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणमला सापडला, तो आपल्या किनाऱ्यावरून अजून गेलेला नाही. दगड साफ करायला उकळूही नका. दगडावरच्या, बटणासारख्या दिसणाऱ्या झोअँथिड नावाच्या काही जिवांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं आणि ते वाफेबरोबर छातीत जातं. हातमोजे घालून दगड बाहेर काढा, आणि मुलांचा हात लागणार नाही अशा जागी कडक उन्हात वाळू द्या.