हिमप्रदेशात भाड्याची मोटार



वैशाखातल्या अशा उकाड्यात, पंख्याचा वारासुद्धा अंगाला गरम लागत असताना, बर्फाविषयी बोलायला उभे राहणे हा श्रोत्यांवर उपकार आहे की त्यांची थट्टा, हे आपणच ठरवावे. चिटणिसांनी आम्हांला विषय दिला होता ‘जपानचा प्रवास’. पण जपानवर अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही पाहिले ते जपान एका भाड्याच्या मोटारीच्या काचेतून, आणि तेही चार दिवस. तेव्हा त्या मोटारीविषयीच बोलावे हे बरे.

आमचे चिरंजीव टोकियोत नोकरीला आहेत. २०२५ च्या जानेवारीत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. पाच वर्षांच्या नातीला शाळेतल्या मैत्रिणींसारखे स्की करायला जायचे होते. स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. ही विद्या जपानातही बाहेरूनच आली. थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन सेनाधिकाऱ्याने १९११ च्या जानेवारीत निईगाता प्रांतातील ताकादा येथे जपानी सैनिकांना ती शिकविली, आणि पुढे १९७२ साली साप्पोरोला हिवाळी ऑलिंपिक भरविण्यापर्यंत त्या देशाने मजल मारली. आम्हांला जायचे होते ते युझावा गाव त्याच निईगाता प्रांतात, टोकियोपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. वास्तविक तिथे आगगाडीनेही जाता येते. पण सामान, लहान मूल आणि आमचे गुडघे, यांचा विचार करून मोटार भाड्याने घ्यावी असे ठरले.

आता, मोटार भाड्याने घेणे म्हणजे काय? आपल्या मीरा-भाईंदरमधली कितीतरी कुटुंबे डिसेंबरात मनालीला जातात. तिथे गाडी ठरविली म्हणजे गाडीबरोबर माणूस येतो. सोलांगच्या वाटेवर बर्फ पडू लागले की तो डोंगरी माणूस आभाळाकडे एकदा पाहतो आणि सांगतो, “आज पुढे नाही जायचे, बाबूजी.” आपण थोडी कुरकुर करतो, दोनशे रुपये वाढवून पाहतो, आणि शेवटी त्याचे ऐकतो. भाडे आपण गाडीचे म्हणून देतो खरे, परंतु त्यातला मोलाचा भाग त्या माणसाच्या नकाराचा असतो, हे आमच्या ध्यानात जपानात गेल्यावर आले. स्वतः चालवायची भाड्याची मोटार आपल्याकडेही मिळते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या आपण पाहिल्या असतील, त्या याच. जपानात अशा गाडीच्या पाटीवर ‘वा’ हे अक्षर असते, काही ठिकाणी ‘रे’. गाडी चकचकीत मिळते, टाकी भरलेली मिळते. फक्त ‘आज नाही जायचे’ असे सांगणारा माणूस तिच्यासोबत येत नाही.

परवान्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळजण ती विचारतात. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानात चालतो, आणि भारत त्या करारात आहे. परदेशी जाण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयातून तो काढायचा; मुदत एक वर्षाची. मीरा-भाईंदरसाठी एमएच ५८ हा स्वतंत्र क्रमांक २०२५ साली मंजूर झाला, त्यापूर्वीचे हे काम असल्याने आम्हांला ठाण्याला खेपा घालाव्या लागल्या. ते करडे पुस्तक हाती पडले तेव्हा आम्ही ते घरी येईपर्यंत तीन वेळा उघडून पाहिले, हेही कबूल करतो.

चिरंजिवांची गोष्ट निराळी. तिथे कायम राहणाऱ्याला आपला परवाना बदलून जपानी परवाना घ्यावा लागतो. काही देशांच्या परवानाधारकांना परीक्षेतून सूट आहे, आपल्याला नाही. त्या वेळी लेखी परीक्षेत दहाच प्रश्न असत. ऑक्टोबर २०२५ पासून ते पन्नास झाले आहेत. दहा प्रश्न चिरंजिवांनी चुटकीसरशी सोडविले, आणि प्रत्यक्ष चालविण्याच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले! घोडबंदरच्या घाटात रात्री-अपरात्री गाडी काढणारा मुलगा हा. कारण काय, तर डावीकडे वळताना मान वळवून मागे पाहिले नाही. आरशात पाहिले होते, पण मान वळली नाही. आम्ही हसलो होतो. पुढे आमच्यावरही हसण्याची पाळी आली.

जपानात वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, सुकाणूचे चाकही आपल्यासारखेच उजवीकडे. त्यामुळे आपल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत वाटते, हे तर आपलेच गाव! अमेरिकेत गेलेला माणूस सगळे उलटे पाहून निदान भितो तरी. इथे भीती वाटत नाही, आणि धोका तिथेच आहे.

भाड्याच्या कचेरीत कागद पुष्कळ. सहा वर्षांखालील मुलाला कायद्याने वेगळी खुर्ची लागते; ती मागून घ्यावी लागते. विमा भाड्यातच असतो, तथापि अपघात झाल्यास नुकसानीचा पहिला काही हिस्सा आपल्यावर पडतो. तो टाळायचा तर रोज थोडे जादा द्यावे. त्याखेरीज गाडी दुरुस्तीला गेल्याने धंदा बुडतो त्याची भरपाई वेगळी, बहुधा वीस हजार किंवा पन्नास हजार येन. आणि एक अट सर्वांवर कडी करणारी: धक्का कितीही लहान असो, पोलिसांना कळविले नाही तर विमा लागू होत नाही. ‘जाऊ द्या हो, मिटवून टाकू’ हा आपला नाक्यावरचा रिवाज तिथे खिशाला भारी पडतो.

पण खरा प्रश्न चाकांचा. टोकियोत बर्फ क्वचित पडते, म्हणून तिथल्या भाड्याच्या गाडीला बहुधा साधे टायर असतात. हिवाळी टायर आधी सांगून, जादा पैसे देऊन घ्यावे लागतात. कडाक्याच्या थंडीत साधे रबर कडक होते आणि रस्ता धरीत नाही. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्याला बारीक चिरा असतात. पूर्वी तिथे खिळे ठोकलेले टायर वापरीत. ते खिळे कोरड्या रस्त्याची साल काढीत आणि शहरभर धूळ उडे. लोकांचे खोकले वाढले, ओरड झाली, आणि १९९० साली कायदा करून असे टायर बंद केले. धुळीवरून कायदा होतो हे ऐकून काशिमिऱ्याच्या श्रोत्यांना हेवा वाटेल.

निघालो त्या दिवशी गुन्मा प्रांतापर्यंत लख्ख ऊन, कोरडा रस्ता. मग तानिगावा पर्वताखालचा कान-एत्सु बोगदा लागतो. १९८५ साली खुला झालेला हा बोगदा सुमारे अकरा किलोमीटर लांब आहे. तो संपला आणि जगच बदलले. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या भिंती, आभाळ राखाडी, वर भुरभुर चालू. नात म्हणाली, “आजोबा, मीठ!” तिने भाईंदरची मिठागरे पाहिली आहेत.

हा चमत्कार कसा होतो ते आपल्याला समजायला जड नाही, कारण आपण सह्याद्रीच्या पायथ्याचे लोक. अरबी समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडतो, इगतपुरीला धो धो पाऊस पडतो आणि पलीकडे सिन्नर कोरडे राहते. तोच प्रकार तिथे हिवाळ्यात होतो. सैबेरियाचा थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, पर्वताला अडतो आणि युझावावर ते सारे बर्फरूपाने टाकतो. तिथे एका हिवाळ्यात पडणारे बर्फ मोजून बेरीज केली तर सरासरी दहा मीटरच्या आसपास भरते. डोंगर ओलांडून टोकियोला जातो तो वारा कोरडा ठणठणीत.

रस्ते मोकळे ठेवण्याच्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. द्रुतगती मार्गावर चक्क मीठ पसरतात. ज्यांनी घरी पॉटचे आईस्क्रीम फिरविले आहे त्यांना मीठ-बर्फाचे नाते सांगायला नको. गावातल्या रस्त्यांच्या मध्यातून नळ टाकलेले असतात आणि त्यांच्या छिद्रांतून जमिनीखालचे कोमट पाणी उडत राहते. ही कल्पना जवळच्याच नागाओका शहरातली, १९६० च्या दशकाच्या आरंभीची. त्या पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबडे झाले आहेत. पांढऱ्या गावातून तांबडा रस्ता जातो.

तीन दिवस आनंदात गेले. नात घसरली, पडली, उठली. आम्ही खाली बाकावर बसून गरम भात खाल्ला. तिथला तांदूळ साऱ्या जपानात नावाजलेला आहे. तिसऱ्या दिवशी आमच्यातला मोटारवाला जागा झाला. करडे पुस्तक खिशात, नाव भाड्याच्या कागदावर चढविलेले, चाळीस वर्षांचा अनुभव; मग चालवायची केव्हा? सपाट रस्ता पाहून आम्ही चाकामागे बसलो. अर्धा मैल झकास गेला. पुढे चौकात लाल उलटा त्रिकोण, म्हणजे पूर्ण थांबा. आम्ही भाईंदरला दाबतो तसा ब्रेक दाबला. पायाखाली खडखड झाली, आणि मोटार न थांबता शांतपणे, एखाद्या नावेसारखी पुढे सरकत रेघ ओलांडून चौकाच्या मध्यात जाऊन उभी राहिली. आडव्या रस्त्याने येणारी दुधाची गाडी लांबूनच हळू झाली होती म्हणून निभावले. तिच्या चालकाने कर्णा वाजविला नाही. वाजविला असता तर बरे वाटले असते. गाडीच्या चारही चाकांना यंत्राचा जोर होता. पण तो जोर गाडी हलवायला उपयोगी, थांबवायला नव्हे, हे आम्हांला कोणी आधी सांगितले नव्हते, किंबहुना सांगितले होते आणि आम्ही ऐकले नव्हते. मागच्या खुर्चीत नात होती. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. आम्ही उतरलो आणि किल्ली चिरंजिवांकडे दिली.

परतीच्या सकाळी मोटार शोधावी लागली. रात्री वायपर उभे करून ठेवले होते, तेवढी दोन टोके वर दिसत होती. हातब्रेक लावला नव्हता, कारण तो गोठतो. बातम्यांत इशारा होता: जोराचे बर्फ येणार, गरज नसल्यास बाहेर पडू नका. संध्याकाळी सहाला टोकियोत मोटार परत करायची होती, दुसऱ्या दिवशी चिरंजिवांची कचेरी. चिरंजीव म्हणाले, “आता लगेच निघालो तर बोगद्यापर्यंत तासाभराचा प्रश्न आहे. पलीकडे ऊनच आहे.” हिशोब बिनचूक होता.

सूनबाई म्हणाल्या, “आणि बोगद्याच्या अलीकडेच अडकलो तर?” त्यांनी २०२० च्या डिसेंबरची हकीकत वाचली होती. याच मार्गावर एक मालमोटार बर्फात रुतली, तिच्यामागे रांग लागली, आणि दोन हजारांच्या आसपास वाहने अडकून पडली. कित्येकांनी दोन रात्री गाडीत काढल्या. सैन्य बोलवावे लागले. अशा वेळी उबेसाठी इंजिन चालू ठेवावे तर बर्फाने धुराडे बुजते आणि विषारी धूर आत भरतो. बंद ठेवावे तर थंडी. दर थोड्या वेळाने उतरून धुराड्याभोवतीचे बर्फ फावड्याने काढीत राहावे लागते. “बाबा, तुम्ही सांगा,” असे म्हणून दोघेही आमच्याकडे पाहू लागले.

खरे सांगायचे तर आदल्या दिवशीपर्यंत आम्ही ‘चला’ म्हटले असते. कसारा घाटातून श्रावणात गाडी काढली आहे, असे वर ऐकविलेही असते. त्या सकाळी ते शब्द तोंडातून निघेनात. मनालीचा तो माणूस आठवला. आम्ही म्हणालो, “आज नाही जायचे.” चिरंजिवांना ते पटले नाही. माझ्या हातावर विश्वास नाही काय, असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या आवाजात राग होता. आम्ही उत्तर दिले नाही.

मोटार युझावाच्या स्टेशनाजवळच्या शाखेत परत केली. दुसऱ्या गावी गाडी सोडल्याचे वेगळे शुल्क पडले, पाच माणसांची तिकिटे निराळी. सारे मिळून मूळ भाड्याच्या तोलाचे झाले. नातीची खुर्ची परत करताना तिने रडून गोंधळ घातला, कारण तिच्यावर सशाचे चित्र होते. ही आगगाडी १९८२ पासून धावते. रुळांवर पाण्याचे फवारे सोडून बर्फ वितळवितात, म्हणून ती सहसा अडत नाही. बावीस किलोमीटरांच्या बोगद्यात ती शिरली आणि काही मिनिटांत उन्हात बाहेर पडली. खाली कोरडे शेत, कोरडा रस्ता, त्यावर मोटारी पळत होत्या. चिरंजीव खिडकीतून त्यांच्याकडे पाहत राहिले.

रात्री त्यांनी चौकशी केली. तो मार्ग दिवसभरात बंद झालाच नव्हता. फक्त वेगाची मर्यादा पन्नासवर आणली होती. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखविले. सूनबाईंनी पिठले टाकले होते. जेवताना कोणीच तो विषय काढला नाही.