पत्ता काय लिहू, काका?
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने सुचवलं होतं की, काकांनी बँकेतल्या आठवणी सांगाव्यात. पण त्या तुम्ही संध्याकाळी कट्ट्यावर पुष्कळ ऐकल्यात. म्हणून निवृत्तीनंतर मी ज्या बालगृहात आठवड्यातून तीन दिवस जातो, तिथलं थोडं सांगतो. हिशेबाच्या वह्या बघतो आणि मुलांचं गणित घेतो, एवढंच माझं काम. संस्थेचं आणि मुलांची नावं सांगणार नाही. बाल न्याय कायद्याने अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

पहिला गैरसमज असा की, तिथं सगळी अनाथ मुलं असतात. तसं नाही. बहुतेकांना कुणी ना कुणी असतं. आपल्या जुन्नर-आंबेगावात दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली, मग पोराला सोबत आणण्यावाचून इलाज नाही. पहाटे आई-बाप फडात आणि पोरं पाचटावर, त्यात आपल्याकडचा बिबट्या. दुसरीकडे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फड दसऱ्याला बाहेर पडतो तो यात्रा संपेपर्यंत गावोगाव. त्या कलावंतांच्या मुलांची शाळा कशी व्हायची? कुणाचा बाप दारूत गेला, आई मजुरीला जाते. अशी ही मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे येतात.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. बाहेरगावी आश्रमशाळेत शिकणारी काही मुलं वाचली, पण परत जायला घर राहिलं नाही. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी धान्य, चादरी, भांडी पाठवली. मात्र माळीण एकदा घडलं, ऊसतोड दरवर्षी असते. रोजच्या दुःखाला मदतीचा टेम्पो येत नाही.

आता आनंदाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवायची मुभा दिली. आमच्या मुलांची खाती उघडली, तेव्हा एका पोराने पासबुकावर स्वतःचं नाव छापलेलं बघितलं आणि आठ दिवस ते उशाखाली ठेवून झोपला. शिल्लक शंभर रुपये! मी आयुष्यभर मोठमोठे खातेदार बघितले, पण असा बघितला नाही. दुसरी गंमत म्हणजे, आमच्याकडे बऱ्याच जणांचा वाढदिवस १ जूनला. खरी तारीख माहीत नसली की शाळेत तीच लावतात. त्या दिवशी मावशी शिरा करतात आणि वीस-बावीस जण एकदम मोठे होतात.

एका मुलीची आजी तिला सांभाळायला तयार होती, फक्त पैशाची अडचण. बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. कागद जमवले, हेलपाटे घातले, मंजुरी आली. पोरगी आजीचं बोट धरून गेली. त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत. मी म्हटलं, "अहो, हे तर चांगलं झालं ना?" त्या म्हणाल्या, "चांगलंच झालं, काका. पण तिचं ताट चुकून वाढलं."

सगळ्या गोष्टी अशा संपत नाहीत. आठवीतली एक हुशार मुलगी सुट्टीला नातेवाइकांकडे गेली. शाळा सुरू झाली तरी आली नाही. फोन बंद. चौकशी झाली, तेव्हा कळलं की कुटुंब टोळीबरोबर परजिल्ह्यात गेलं. तिची भूमितीची वही अजून कपाटात आहे. रविवार हा भेटीचा दिवस. ज्यांना कुणी येत नाही ती मुलं त्या दिवशी अंगण झाडायला मागतात, कारण अंगणातून फाटक दिसतं.

आणि अठरावं वर्ष. कायद्याने अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडावं लागतं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे, पण मुलाला नोकरी मिळते एकीकडे आणि सोय असते दुसरीकडे. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, तेही ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांनाच. आमचा एक मुलगा आयटीआय करून कंपनीत लागला. फॉर्म भरताना त्याने मला विचारलं, "काका, पत्ता काय लिहू?" खोली शोधायला मी त्याच्याबरोबर फिरलो. पगार आहे म्हटल्यावर लोक हसून बोलत. आई-वडील कुठले, असं विचारलं की खोली 'कालच गेली' म्हणत. सात ठिकाणी तेच.

मंडळी, आज आपण पंचवीस वर्षांचा आनंद करतोय. कर्ज, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, सगळ्या खटपटी कशासाठी केल्या? आपल्या मुलांना हक्काचा पत्ता मिळावा म्हणूनच ना? आपल्या गेटवर 'फ्लॅट फक्त फॅमिलीला भाड्याने' अशी पाटी आहे. त्यामागची काळजी मला समजते, ती लावताना सभेत मीही होतो. पण पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. बालगृहातून बाहेर पडलेला, नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि सोसायटीतला एक सभासद लेखी हमी देत असेल, तर त्यांना भाड्याने राहू द्यावं. पहिली हमी माझी.

वाढदिवसाला केक घेऊन जरूर या, मुलांना आवडतो. पण त्याहून दर शनिवारी एक तास इंग्रजी शिकवणारं कुणी आलं, तर जास्त हवंय. आणि रस्त्यात, फडात, स्टँडवर एकटं, घाबरलेलं मूल दिसलं, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. तो फुकट आहे आणि रात्रीही चालतो.

ठरावाला अनुमोदक हवा आहे. जेवणाच्या पंगतीत मला गाठा.